कुमितेसाठी रिफ्लेक्सेस कसे सुधारावेत? सल्ला हवा

हिरवा_पट्टा
नमस्कार मंडळी. वय ३८, कराटेचं चौथं वर्ष. काता (ठरलेल्या हालचालींचे क्रम) बरे होतात, सर फारशी नावं ठेवत नाहीत. घोडं अडतं ते कुमितेत, म्हणजे जोडीदाराशी समोरासमोरच्या लढतीत. समोरच्याचा पुढचा हात (किझामी झुकी) निघतो तो मला दिसतो, मग कळतो, मग लागतो. दर वेळी याच क्रमाने. मी अडवायला हात उचलेपर्यंत तो माणूस परत आपल्या जागी जाऊन उभा असतो.
वर्ग आठवड्यातून दोनदा. घरी रोज १५ मिनिटं काढता येतील, तीही एकट्याने. साधनांवर खर्च करायचा नाही, फार तर एखादी छोटी वस्तू. छताला किंवा भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही. काय करू?

पंचिंग_बॅग
दादा, डोळे झाकून डबल एंड बॅग घ्या. वर छताला हूक, खाली जमिनीला हूक, मध्ये रबराच्या दोरीवर बॅग. मारली की अंगावर येते, चुकवावी लागते. मी दोन वर्षं वापरतोय, आता मला कुणी सहज शिवू शकत नाही.

हिरवा_पट्टा
धन्यवाद, पण छताला भोक चालणार नाही असं वर लिहिलंय. आणि मी दादा नाही, ताई आहे.

पंचिंग_बॅग
सॉरी ताई. पण एकच तर भोक आहे. जमिनीतलं धरून दोन.

चष्मिष
डोक्याच्या पट्टीला रबराने बांधलेला तो चेंडू मिळतो ना, रिफ्लेक्स बॉल, तो मी घेतला होता. तिसऱ्या दिवशी चेंडू थेट चष्म्यावर. काच वाचली, पण नाकावरची एक गादी कपाटाखाली गेली ती आजतागायत सापडलेली नाही.
तरी नेटाने महिनाभर केलं. सलग शंभर मारायला लागले. स्पॅरिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) फरक शून्य! नंतर डोक्यात प्रकाश पडला: चेंडू कधी आणि कुठून येणार हे मला आधीच ठाऊक असतं, कारण तो मीच मारलेला असतो. समोरचा माणूस इतका भला नसतो.

डॉ_खवचट
शीर्षक दुरुस्त करा. रिफ्लेक्स म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो, तो निर्णय मज्जारज्जूतच होतो, मेंदूला विचारलं जात नाही. ठोसा ओळखून अडवणं ही मेंदूतून जाणारी प्रतिक्रिया. तिला रिअ‍ॅक्शन टाइम म्हणा.

रिकामटेकडा
डॉक्टर, ठोसा लागताना हा फरक जाणवतो का हो?
बाकी ताई, फोनवर अ‍ॅप टाका. रंग बदलला की बोट टेकवायचं. माझा वेळ ०.१९ सेकंद येतो. ऑफिसात पहिला नंबर.

डॉ_खवचट
फोनच्या आकड्यात पडद्याचा आणि टचचा उशीरही मिसळलेला असतो, त्यामुळे दोन फोनांवरचे आकडे ताडून बघण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा ३० सेंमीची पट्टी घ्या. दुसऱ्याने ती वरून धरायची, तुमची बोटं शून्याच्या खुणेशी उघडी, त्याने न सांगता सोडायची. २० सेंमीवर पकडलीत तर ०.२० सेकंद, १५ वर पकडलीत तर साधारण ०.१७५. दहा वेळा करून सरासरी काढा. ही मोजणी झाली, व्यायाम नाही.

जुनी_खोड
आमच्या वेळी ना चेंडू होते ना अ‍ॅप. मार खात खात शिकलो. असो.
ताई, तुमचा निव्वळ वेग फार सुधारणार नाही, हे आधी मान्य करा. दिवा दिसला की बटण दाबायचं, एवढ्या साध्या कामाला धडधाकट माणूस ०.२० ते ०.२५ सेकंद घेतो. सरावाने त्यात थोडंच खरवडता येतं. आणि नुसत्या त्या वेळाने बाजी मारता येतेच असंही नाही. बर्लिनला २००९ मध्ये बोल्ट ९.५८ सेकंदांत १०० मीटर धावला, तेव्हा बंदुकीनंतर निघायला त्याला ०.१४६ लागले. पॉवेलला ०.१३४. पॉवेल तिसरा आला.
तुमचा वेळ खरा खातं ते निवडणं. हिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये दिव्यांच्या प्रयोगात दाखवलं की पर्याय वाढले की प्रतिक्रियेचा वेळ वाढतो. तुमच्या डोक्यात चार अडवण्या रांग लावून उभ्या असणार. तीन काढून टाका. पुढचा हात आला की एकच उत्तर, सहा आठवडे. जोडीदाराला सांगा, आधी फक्त तोच ठोसा कधीही मार, मग त्यात एक लाथ मिसळ.
नजर मुठीवर नको, छातीच्या मध्यावर ठेवा. मूठ शेवटी निघते. खांदा, कंबर, पुढचा पाय आधी बोलतात.
आणि वीतभर मागे उभ्या राहा. अंतराला जपानीत मा-आई म्हणतात. दोन-दोन आया असून विसरलात तर मार बसणारच.

टेबलाखालून
टेबल टेनिस खेळा. माझा भाचा खेळतो, हात विजेसारखा चालतो.

जुनी_खोड
टेबल टेनिसने टेबल टेनिस सुधारतं. चेंडूला खांदा नसतो.

टेबलाखालून
बॅट धरणाऱ्याला असतो.

जुनी_खोड
बरं. हे मान्य.

पंचिंग_बॅग
भाड्याचं घर असेल तर सोडताना भोक पुट्टीने बुजवता येतं.

निद्राप्रेमी
कुणी झोपेबद्दल बोललंच नाही. रात्र जागलं की प्रतिक्रिया मंदावते. आणखी एक, खांदे आवळून उभं राहू नका, आखडलेला हात उशिराच निघतो. बाकी जुनी_खोड +१. मीही तेच लिहिणार होतो.

नवा_भिडू
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. रिफ्लेक्स बॉल सुचवला का कुणी?

हिरवा_पट्टा
तीन आठवड्यांनी लिहितेय. पट्टी सरासरी १९ सेंमीवर पकडते, म्हणजे माझ्या हातात दोष नाही. तक्रार करायला जागा उरली नाही.
वर्गातल्या जोडीदाराला फक्त पुढचा हात मारायला सांगितलं आणि छातीकडे बघत उभी राहिले. पहिल्या दिवशी नेहमीइतकाच मार. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की ठोशाआधी त्याच्या मागच्या पायाची टाच किंचित उचलते आणि गीची (कराटेच्या पोशाखाची) बाही खांद्यापाशी ताणली जाते. ते दिसलं की मी फक्त मागे सरकते, हात उचलतच नाही. दहातले चार चुकवले. सर म्हणाले, आता मागेच पळत राहशील, प्रतिहल्ला कधी? तर पुढचं काम ते.
घरच्या १५ मिनिटांसाठी मात्र चेंडूच मागवला. उपयोग नाही हे पटलंय, पण मजा येते. आणि मला चष्मा नाही.

चष्मिष
कपाट भिंतीला चिकटवून ठेवा.