बियांचे गोळे तडकतात, कुठे चुकतंय?

प्रश्न: जमिनीवर टाकून रोपं उगवावीत म्हणून झेंडू आणि कॉसमॉसच्या बिया मातीत मिसळून चाळीसेक गोळे वळले. माती ३ भाग, कंपोस्टही ३ भाग. चार दिवस डब्यात झाकून ठेवले, मग उन्हात. निम्मे तडकले आणि पाच-सहा गोळ्यांत आतच कोंब फुटले! घरामागची पडीक पट्टी फुलांनी भरायची फार इच्छा आहे हो.

प्रतिसाद १: कंपोस्ट जास्त झालं. मी ५ भाग चिकणमाती, १ भाग चाळलेलं कंपोस्ट आणि १ भाग बी घेते. पाणी शिंपडतच घालायचं. गोळा दाबल्यावर फुटू नये, हातालाही चिकटू नये. आकार २ सेंटिमीटरच्या आसपास. डब्यात ओल कोंडली, म्हणून कोंब आले. उन्हात बाहेरचा थर आधी आकसतो, आत ओल राहते, म्हणून भेगा. वळल्याबरोबर सावलीत, वारा लागेल असे पसरा. एक-दोन दिवसांत कडक होतात.

प्रतिसाद २: जपानी शेतकरी मासानोबू फुकुओका यांनी ही जुनी रीत पुन्हा रुजवली. मातीच्या कवचामुळे पक्षी, मुंग्या, उंदीर बी सहज नेत नाहीत. गोळे पुरू नका, नुसते टाका. पावसाने विरघळतात.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार! तडकलेले फेकून देऊ का?

प्रतिसाद १: अजिबात नको. ते तसेच जमिनीवर टाका, भेगेने बी मरत नाही. कोंबवाले मात्र आजच कुंडीत लावा.