रोजच्या गाडीला स्पोर्ट टायर: रुंदी वाढवायची की रबर बदलायचं?

(मंचावरचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सह्यचाक

कंपनीचे टायर झिजले की 'आता जरा चांगले घालू' म्हणून माणूस दुकानात जातो आणि एक साइज रुंद टायर घालून बाहेर पडतो. दुकानदारही बहुतेक वेळा तेच सुचवतो. माझा याला स्पष्ट विरोध आहे. रोजच्या गाडीला परफॉर्मन्स टायर जरूर घ्या, पण जादा पैसे रबराच्या मिश्रणावर आणि ओल्या रस्त्यावरच्या पकडीवर खर्च करा. साइज शक्यतो मूळचाच ठेवा.

बोलायला सोपं जावं म्हणून एक साइज धरू: १८५/६५ आर१५, म्हणजे रुंदी १८५ मिमी, साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. स्विफ्ट, बलेनो, आय२० यांच्या अनेक व्हेरिएंटना हाच येतो. गाडी आठवडाभर ऑफिसला जाते आणि सुट्टीच्या दिवशी ताम्हिणी किंवा वरंध उतरते, पावसाळ्यात तर हमखास. या वापरात जीव वाचतो तो ओल्या डांबरावर ब्रेक दाबल्यावर. तिथे टायर १८५ आहे की २०५, यापेक्षा रबरात सिलिका (ओल्यात पकड वाढवणारी पूड) किती आणि चरांत पाणी मावतं किती याने जास्त फरक पडतो.

नव्या टायरचे चर साधारण ७ ते ८ मिमी खोल असतात. चरांतली झिजेची खूण १.६ मिमीवर असते. तिथपर्यंत टायर कायद्याने चालतो, पण पाणी उपसायची ताकद ३ मिमीच्या आसपासच झपाट्याने कमी होते. मे महिन्यात ३ मिमी उरले असतील तर 'अजून एक पावसाळा काढतील' हा हिशेब करू नका.

रुंदपट्टा

पहिल्या परिच्छेदाशी असहमत. रुंदीला उगाच बदनाम केलं जातंय. बऱ्याच हॅचबॅकना कंपनी जो टायर देते तो मायलेजचा आकडा सांभाळण्यासाठी निवडलेला असतो. १८५/६५ च्या साइडवॉलची उंची १२० मिमी. वळणावर ती आधी दबते, मग गाडी वळते. १६ इंची रिमवर १९५/५५ घातला तर साइडवॉल १०७ मिमी होते आणि बाहेरचा व्यास ६२१.५ वरून ६२०.९ मिमी, म्हणजे स्पीडोमीटरमध्ये फरक नाहीच म्हणा. बलेनोच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी स्वतः हाच साइज देते. इंजिनिअरांनी मान्य केलेल्या साइजला 'दुकानदाराची युक्ती' म्हणणं बरोबर नाही.

शिवाय मिश्रण बदला म्हणता, पण १८५/६५ आर१५ मध्ये खरा स्पोर्ट टायर दाखवा! बहुतेक सगळे टूरिंग, म्हणजे पकडीपेक्षा आराम आणि टिकाऊपणा बघणारे. चांगले पर्याय १६ इंचापासूनच सुरू होतात, २०५/५५ आर१६ मध्ये तर रांग लागते. मिश्रण हवं असेल तर साइज वाढवावाच लागतो.

मिलिमीटर

रुंदपट्टा, १९५/५५ आर१६ चा तुमचा मुद्दा मान्य, कारण तो साइज त्या गाडीच्या कुठल्यातरी व्हेरिएंटला मंजूर आहे. पण 'साइज वाढवा' एवढंच ऐकून लोक काय करतात ते आकड्यांत बघा. मूळ व्यास ६२१.५ मिमी.

१९५/६० आर१५ घातला तर व्यास ६१५, म्हणजे १ टक्का कमी. चालतो.
२०५/६० आर१५ घातला तर ६२७, म्हणजे ०.९ टक्के जास्त. व्यासाने चालतो, पण रिमची रुंदी आणि आतल्या बाजूची जागा मोजल्याशिवाय नाही.
१९५/६५ आर१५ घातला तर ६३४.५, २ टक्क्यांहून जास्त. पूर्ण स्टिअरिंग फिरवून, मागे तीन माणसं बसवून, खड्ड्यात घासतो का ते बघावं लागेल.
१९५/५० आर१५ घातला तर ५७६. हा खरा सापळा. १५ इंचात स्पोर्ट टायर मिळतात ते याच साइजमध्ये, म्हणून लोक भुलतात. व्यास ७.३ टक्के कमी होतो. स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी ९३ च्या आत असते, ओडोमीटर जास्त किलोमीटर मोजतो आणि गाडी जवळपास २३ मिमी खाली बसते. गतिरोधकावर पोट घासणार.

त्याहून गंभीर म्हणजे भार. १८५/६५ आर१५ वर ८८ लिहिलेलं असतं, म्हणजे एका टायरला ५६० किलो. १९५/५० आर१५ वर सहसा ८२ असतं, म्हणजे ४७५ किलो. चार टायरांत ३४० किलोंची क्षमता गेली. पाच माणसं आणि सामान घेऊन एप्रिलच्या उन्हात समृद्धीवर १२० ने जाणाऱ्या गाडीला हे परवडत नाही. भार-निर्देशांक मूळच्यापेक्षा कमी नको, ही अट मी कधीही शिथिल करणार नाही. वेगाचं अक्षरही तसंच: टी म्हणजे ताशी १९० किमीपर्यंत, एच २१०, व्ही २४०. मूळचं एच असेल तर टी घेऊ नका.

कोकणफेरी

रुंद टायर आणि साचलेलं पाणी, यावर कुणी बोललंच नाही अजून. टायर कुठल्या वेगाला पाण्यावर तरंगू लागतो, याचं नासाने विमानांच्या चाकांवर प्रयोग करून काढलेलं एक सूत्र आहे: टायरमधल्या हवेच्या दाबाचं (पीएसआय) वर्गमूळ काढा आणि ९ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) येतं. ३३ पीएसआयला सुमारे ५२ नॉट, म्हणजे ९६ किमी. हवा २६ वर आली असेल तर ८५ किमी. झिजून गुळगुळीत झालेल्या टायरला आणि खोल पाण्याला हा अंदाज लागू पडतो. चर चांगले असतील तर मर्यादा वर जाते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला १०० ची मर्यादा आहे, म्हणजे झिजलेल्या टायरवर तुम्ही नेमके त्या पट्ट्यात असता. सूत्रात रुंदी नाही, पण प्रत्यक्षात पट्टा जितका रुंद तितकं जास्त पाणी बाजूला ढकलावं लागतं. झिजलेला २०५ झिजलेल्या १८५ च्या आधी तरंगतो.

म्हणून माझी पसंती मूळ रुंदी, खोल सरळ चर आणि दर पंधरा दिवसांनी थंड टायरवर मोजलेली हवा. पेट्रोल पंपावर वीस किलोमीटर चालवून आल्यावर मोजलेला आकडा जास्तच येतो. तो बघून हवा सोडू नका.

रुंदपट्टा

कोकणफेरी, ९६ किमीचा हिशेब द्रुतगती मार्गाचा. धागा घाटाबद्दल सुरू झालाय. ताम्हिणीत ४० ते ५० च्या वेगाला गाडी तरंगत नाही, ती घसरते. तिथे पाण्याचा पातळ थर फोडून रबर खडीला भिडलं पाहिजे. अशा वेळी आखूड आणि रुंद ठसा (टायरचा रस्त्याला टेकलेला भाग) स्टिअरिंगला लवकर उत्तर देतो.

सह्यचाक

घाटात तरंगण्यापेक्षा घसरणं हाच प्रश्न आहे, हे मान्य. म्हणूनच तर मी मिश्रणाचं म्हणतोय. ठशाचं गणित करू: पुढच्या चाकावर ३०० किलो भार आणि ३३ पीएसआय हवा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो. ठसा झाला सुमारे १३० चौरस सेंटिमीटर. रुंद टायर घालून हवा तेवढीच ठेवली तर क्षेत्रफळ जवळपास तेच राहतं, आकार बदलतो. स्टिअरिंग तल्लख होतं हे खरं, पण सरळ रेषेत ब्रेक लावताना फारसं काही हाती लागत नाही. तिथे रबरच लागतं.

१८५/६५ मध्ये स्पोर्ट टायर नाही, हा तुमचा मुद्दा मात्र योग्य आहे. पण टूरिंगमध्येही जमीन-अस्मानाचा फरक असतो. मिशेलिन प्रायमसी, ब्रिजस्टोन टुरान्झा, एमआरएफ परफिन्झा, अपोलो अल्नॅक, सीएट सिक्युराड्राइव्ह यांतलं काय आपल्या साइजमध्ये, त्या महिन्यात, ताज्या तारखेचं मिळतंय ते बघावं लागतं. आयात होणारे टायर जून २०२० पासून 'मुक्त' यादीतून 'निर्बंधित' (परवाना लागणाऱ्या) यादीत गेले, त्यामुळे परदेशी परीक्षणांत पहिला आलेला टायर इथे मिळेलच असं नाही.

वऱ्हाडवाट

सगळी चर्चा घाटाची आणि पावसाची चाललीय. अकोला, अमरावती, नागपूरकडे वर्षातले आठ-नऊ महिने रस्ता कोरडा असतो, मे महिन्यात हवा ४५ अंशांवर आणि डांबर त्याहून कितीतरी तापलेलं. मऊ मिश्रणाचा टायर इथे भराभर झिजतो आणि लांबच्या सरळ रस्त्यांवर त्या पकडीचा उपयोगही होत नाही. १.२ लिटरच्या गाडीला ऑफिस आणि शेत एवढंच करायचं असेल तर कंपनीने दिलेलाच टायर परत घाला. मायलेज उतरणार नाही, आवाज वाढणार नाही. वाचलेल्या पैशात टायर वेळेवर, म्हणजे पाचव्या-सहाव्या वर्षी बदला, भले चर शिल्लक असोत. आमच्याकडे टायर झिजून जाण्याआधी उन्हाने कडक होतात, साइडवॉलला बारीक भेगा पडतात. तेच फुटतात.

सह्यचाक

वयाच्या मुद्द्याला पूर्ण दुजोरा. कमी फिरणाऱ्या गाडीचे टायर याच कारणाने फसवतात: चर भरपूर, रबर मेलेलं. पण 'कंपनीचाच परत घाला' हे मला पटत नाही. वऱ्हाडातही जुलैत धो धो पाऊस पडतो आणि एबीएस कितीही चांगलं असलं तरी टायरकडे जेवढी पकड आहे तेवढीच ते वापरू शकतं. तुमच्या वापराला अतिमऊ टायर नको, एवढंच मी मान्य करीन.

मिलिमीटर

लेबलांबद्दल थोडं, कारण दुकानात यावरूनच गोंधळ होतो.

अमेरिकेतल्या बाजारासाठी बनलेल्या टायरवर ट्रेडवेअरचा आकडा असतो. २०० ते ३४० म्हणजे मऊकडे झुकणारा, ४०० च्या वर टिकाऊ. पण हा आकडा कंपनी स्वतः देते, त्यामुळे एका ब्रँडचे ४०० आणि दुसऱ्याचे ४०० समान धरू नका. शेजारचं ट्रॅक्शनचं एए किंवा ए हे ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेतल्या ब्रेकिंगपुरतं असतं. वळणावर टायर कसा धरेल हे त्यातून कळत नाही.

युरोपीय लेबलवरची ए ते ई ही ओल्या पकडीची श्रेणी आपल्या कामाची. ती टायरच्या प्रत्येक साइजला वेगळी असते. २०५/५५ आर१६ ला ए मिळालं म्हणून त्याच नावाच्या १८५/६५ आर१५ ला ए धरू नका. इथल्या कारखान्यात बनलेल्या त्याच नावाच्या टायरचं मिश्रणही वेगळं असू शकतं.

आपल्या बीईईचे (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) तारे मुख्यतः इंधनबचत सांगतात. पाच तारे बघून 'पकड भारी' असा अर्थ लावणारे विक्रेते आहेत. तो अर्थ चुकीचा आहे. आयएसआयची खूण मात्र हवीच.

कोकणफेरी

१६ इंची रिमकडे जाणाऱ्यांसाठी खड्ड्यांचा मुद्दा. साइडवॉल १२० वरून १०७ मिमी झाली म्हणजे रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामधलं रबर १३ मिमीने कमी झालं. मुंबई-गोवा महामार्गावर पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. जोरात आदळलं की साइडवॉलमधले धागे तुटतात आणि टायरला फुगा येतो. फुग्याची दुरुस्ती होत नाही, टायर फेकावाच लागतो, आणि खड्ड्याने आलेला फुगा साधारण वॉरंटीत बसत नाही. रिमची कड वाकते ते वेगळंच.

रुंदपट्टा

हे मात्र मान्य करतो. कोकणात नियमित जाणाऱ्याने १५ इंचावरच राहावं. पुण्या-मुंबईत आणि द्रुतगती मार्गावर फिरणाऱ्याला मी अजूनही १९५/५५ आर१६ च सुचवीन, पण रिम कंपनीचं किंवा नीट मोजून घेतलेलं. स्विफ्ट, बलेनो, आय२० यांचं पीसीडी (नटांच्या भोकांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास मिमीत) ४×१०० आणि मधलं भोक ५४.१ मिमी. बाजारातल्या रिमचं भोक मोठं असेल तर हब रिंग (ती फट भरणारी कडी) बसवल्याशिवाय ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक बॅलन्सिंगवाल्याला दोष देत बसतात. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. कंपनीच्या मंजूर साइजच्या बाहेर गेलात तर अपघाताच्या दाव्यात वाद उभा राहू शकतो.

मिलिमीटर

पैसे देण्याआधी दुकानात काय बघायचं, ते लिहून ठेवतो.

साइडवॉलवरच्या डॉट (DOT) अक्षरांपुढच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक तपासा: २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. चारही टायरांवर बघा, एकावर बघून थांबू नका. नव्या टायरसोबत रबरी व्हॉल्व्ह नवाच हवा. असममित नक्षीच्या टायरवर 'बाहेरची बाजू' कोरलेली असते, दिशादर्शक टायरवर बाण असतो. घाईत एखादं चाक उलटं बसतं, म्हणून गाडी खाली उतरवण्याआधी फेरी मारून बघा. नट आधी हाताने फिरवून, मग समोरासमोरचे आवळत टॉर्क रेंचने हँडबुकातल्या आकड्यापर्यंत घट्ट करून घ्या. नुसत्या हवेच्या गनवर सोडलं तर आटे खराब होतात किंवा डिस्क वाकडी धरली जाते. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

अलाइनमेंट हवेचा दाब बरोबर करूनच, आणि आधीचा-नंतरचा छापील कागद मागून घ्या. अशा हॅचबॅकच्या मागच्या अ‍ॅक्सलला बहुधा काही फिरवायची सोय नसते. पुढे टो (वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलता येतो. कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) मर्यादेबाहेर दाखवत असेल तर सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश आणि स्ट्रट बघा. ते न करता नवे महाग टायर घातलेत तर आतली कड काही महिन्यांत खाल्ली जाईल.

वऱ्हाडवाट

आणि दोनच टायर घ्यायचे असतील तर? आमच्याकडे सगळे नवे पुढे घालतात, कारण ओढणारी चाकं पुढची.

सह्यचाक

नवे मागे घाला. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, एक्सलरेटर सोडल्यावर सहसा ताब्यात येते. मागची सुटली तर गाडी फिरते, आणि ओल्या घाटात ती सावरणं बहुतेकांना जमत नाही. पुढे ठेवलेले जुने मात्र ३ मिमीपेक्षा कमी नकोत. तसे असतील तर चारही घ्या. पहिले तीनेकशे किलोमीटर जपून चालवा, नव्या रबरावर साच्यातला ओशट थर असतो.

रुंदपट्टा

स्टेपनी राहिली. बऱ्याच अलॉयवाल्या गाड्यांत ती १४ इंची लोखंडी असते, १६५/८० आर१४. तिचा व्यास ६१९.६ मिमी, म्हणजे मूळ साइज किंवा १९५/५५ आर१६ सोबत ती नीट चालते. मिलिमीटर म्हणतात त्या ५७६ वाल्या टायरसोबत पुढे लावलीत तर दोन चाकांत ७ टक्क्यांचा फरक पडून डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) अखंड झिजत राहील. आणि बाहेरचे अलॉय घेतले असतील तर त्यांचे नट लोखंडी रिमच्या बैठकीत नीट बसतीलच असं नाही. कंपनीचे मूळ चार नट पिशवीत घालून स्टेपनीच्या खाचेतच ठेवा.