मारिओच्या भुयाराचं रीमिक्स: भाच्याला 'कुठे' ते कसं सांगू?

भुसावळ_जंक्शन

मंडळी, भाचा फैजपूरला इंजिनिअरिंगला आहे. अभ्यास कमी, एफएल स्टुडिओ (संगीत बनवायचं सॉफ्टवेअर) जास्त. त्यानं सुपर मारिओच्या जमिनीखालच्या लेव्हलच्या म्युझिकचं रीमिक्स केलंय, २ मिनिटं ४० सेकंदांचं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्यावर सगळ्यांचं 'लय भारी', 'एकच नंबर', ज्वाळांचे इमोजी. त्याच्या आजीनं न ऐकताच अंगठा दिला.

मी तरुणपणी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो, म्हणून पोरानं वेगळा फोन केला. म्हणे, मामा, तुम्ही खरं सांगा. मी म्हटलं, गर्दी फार झाली रे. त्यानं विचारलं, कुठे? गर्दी जाणवते, पण नेमकी कुठे ते मला सांगता येत नाहीये.

रचना अशी: सुरुवातीला मूळ सूर मूळ आवाजात. ०:१६ ला किक (बेस ड्रमचा ठोका). ०:३० पासून जाड सुपरसॉ (सिंथचा भरगच्च, रुंद आवाज) कॉर्ड. ०:४८ ला ड्रॉप (जिथं सगळा ठेका एकदम कोसळतो), आणि मागे कोणीतरी "वाजीव रे" ओरडतं. १:३२ ला सगळं थांबतं आणि पावरी (आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य) येते. (त्याचा रूम पार्टनर धडगावकडचा आहे, त्याच्या काकांनी वाजवलेली फोनवर रेकॉर्ड केलीय.) आठ मात्रांनी पावरी गायब, पुन्हा तोच ड्रॉप, शेवटी फेड आउट.

आणखी दोन गोष्टी. फोनवर ऐकलं तर पातळ लागतं, गाडीत लावलं तर काचा हलतात. आणि वेगावरून आमचं वाजलंय. माझ्या आठवणीत हे म्युझिक बरंच संथ होतं. तो म्हणतो, मूळ गेमचा वेग मोजून तोच ठेवलाय. आमच्याकडे नव्वदच्या दशकात तो पिवळ्या कॅसेटवाला गेमचा डबा होता, त्यावर मी सुट्ट्याच्या सुट्ट्या घालवल्यात. कोण बरोबर?

---

जळगाव_सोल्डर

दोघंही बरोबर. आधी हेच मिटवू, कारण यात मला बोलायचा हक्क आहे. फुले मार्केटजवळ आमचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि मे महिन्यात टीव्हीपेक्षा हे गेमचे डबेच जास्त यायचे. ॲडॉप्टर जळालेले, कंट्रोलरची वायर तुटलेली, कॅसेटमध्ये फुंकून फुंकून पिना हिरव्या झालेल्या.

हा गेम १९८५ चा, जपानी फॅमिकॉमसाठी, म्हणजे निन्टेंडोच्या मूळ डब्यासाठी. जपानी आणि अमेरिकन टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा. मारिओचं म्युझिक त्या चित्रांच्या ठेक्यावरच पुढं सरकतं, त्याला वेगळं घड्याळ नाही. आपल्याकडे टीव्हीची पाल (PAL) पद्धत, सेकंदाला ५०. आपल्याकडे आलेल्या बऱ्याच नकली डब्यांत चिप अशी जुळवलेली होती की सूर जवळजवळ तोच राहायचा, पण चाल सहाव्या हिश्शानं मंदावायची. मूळ चाल मिनिटाला १२० ठोक्यांची धरली तर आपण १०० ची ऐकत होतो. तुझ्या कानात बसलाय तो भुसावळचा मारिओ, भाच्यानं मोजलाय तो जपानचा.

त्यापुढं आणखी गंमत. फॅमिकॉममध्ये आवाजाचे पाच चॅनेल: दोन चौकोनी लहरीचे, एक त्रिकोणी, एक नुसत्या खरखरीचा, पाचवा रेकॉर्ड केलेल्या बारीक नमुन्यांसाठी. मारिओनं तो पाचवा वापरलाच नाही. चौकोनी लहरीची रुंदी बदलली की तोच सूर नाकातला किंवा भरीव लागतो. काही नकली चिपांत २५ टक्के आणि ५० टक्के या रुंद्यांची अदलाबदल झालेली असायची. म्हणजे सूर बरोबर, पण गळा दुसऱ्याचा! 'मूळसारखं वाटत नाही' असं कोणी म्हणालं, तर त्यानं मूळ कशावर ऐकलंय ते मी आधी विचारतो. वेगाबद्दल पोराला काही बोलू नकोस. संथ हवं असेल तर तेही चालेल, पण तो चुकला नाहीये.

आता तुझी गर्दी. पोराला समोर बसव आणि मूळ म्युझिक ऐकव. काय आहे त्यात? तीन सुरांच्या जोड्या. प्रत्येक सूर खाली वाजतो आणि लगेच एक सप्तक वर. तीन जोड्या झाल्या की एक थांबा, चांगला लांब. मग पुन्हा त्याच, पुन्हा थांबा. मग खालच्या तीन जोड्या दोनदा, आणि शेवटी ती घसरत उतरणारी ओळ. कॉर्ड नाही, ताल नाही. कार्ट्रिजमध्ये, म्हणजे मूळ कॅसेटमध्ये, अख्खा गेम ४० केबीचा, सकाळी काकू पाठवतात तो सुप्रभातचा फोटोही त्याहून मोठा असतो. पण जागा नव्हती म्हणून हे म्युझिक असं रिकामं आहे, हे मला पटत नाही. त्याच कार्ट्रिजमध्ये जमिनीवरच्या लेव्हलचं म्युझिक किती भरलेलं आहे बघ. मारिओचा संगीतकार कोजी कोंडो, त्यानं भुयार मुद्दाम रिकामं ठेवलं.

त्या थांब्यात ऐकू काय यायचं? आपणच. उडी, वीट फुटल्याचा आवाज, नाणं, कासवावर पाय. उडीचा आवाज तर चौकोनी लहरीचा एक चॅनेल क्षणभर हिसकावून घ्यायचा आणि सूर तेवढ्यापुरता अर्धा व्हायचा. म्हणजे या रचनेतला एक वादक कंट्रोलर धरून बसलेला असतो. रीमिक्समध्ये तो नाही. मग त्याच्या जागी कोण आलं? गेमच्या कुठल्याही रीमिक्सला मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

भाच्यानं त्या जागी सुपरसॉ आणून बसवलाय. तो थांब्यातही वाजतो आणि जोड्यांवरही वाजतो. म्हणून 'कुठे' याचं उत्तर: ०:३० पासून १:३२ पर्यंत, प्रत्येक तिसऱ्या जोडीनंतर. त्याला सांग, कॉर्ड ठेव, पण थांब्यात म्यूट करून एकदा ऐक. मग तिथं काय घालायचं ते त्यालाच सुचेल, आपण सांगायचं नाही.

पावरीची कल्पना मात्र पोराची खरी कमाई आहे. इतकी चांगली गोष्ट आठ मात्रांत उरकतो म्हणून मला राग आला. पण सूर तपासायला सांग. भोपळा-बांबूची पावरी काही कीबोर्डच्या पट्टीत बनत नाही, आणि त्यात फोनवरचं रेकॉर्डिंग. १:३२ ला सगळं थांबवल्यामुळे ते खपतं. बेससोबत वाजली असती तर दोघं भांडले असते. पावरी ऑटोट्यून करू नये, बाकीचं गाणं तिच्या पट्टीला आणावं. सगळं मिडीवर आहे (आवाज नाही, नुसते सूर टिपलेले), दोन मिनिटांचं काम.

फोन आणि गाडीचं: सब-बेस ५० हर्ट्झच्या आसपास ठेवला असणार. फोनच्या स्पीकरला ते झेपत नाही, गाडीतल्या वूफरला फार झेपतं. बेसवर थोडं सॅच्युरेशन दिलं, म्हणजे आवाज किंचित फाडला, की वरचे हार्मोनिक (त्याच सुराचे वरचे पडसाद) येतात आणि फोनवरही बेस असल्याचा भास होतो. आणि किक वाजते तेव्हा बेसनं खाली बसावं, साइडचेन लावायला सांग.

---

पॅडवाला_अमळनेर

मी अमयनेरना शे, बँडमा ऑक्टापॅड वाजाडस. बाकी मराठीत लिहितो, सगळ्यांना कळू द्या.

जळगावच्या काकांचं ज्ञान मोठं आहे, पण त्यांनी लग्नात कधी वाजवलेलं दिसत नाही. थांबा, थांबा म्हणताय; वरातीत दोन मात्रांचा थांबा दिला तर नवरदेवाचे मित्र जनरेटरकडे बघतात. एक मात्रा चालते, उलट मजा येते, पाय हवेत राहतो. पोरानं हे नाचायला बनवलंय, "वाजीव रे" टाकलंय यावरूनच कळतं. मग त्याला भुयाराच्या शांततेनं मोजायचं, हे काही बरोबर नाही.

मी काय केलं असतं? जोड्या कॅसिओवर तशाच ठेवल्या असत्या आणि थांब्यात ढोलानं उत्तर दिलं असतं, सवाल-जवाब. आपल्याकडच्या अहिराणी गाण्यांत कडवं संपलं की पॅडचा रोल येतो तसा. म्हणजे जागा भरते पण झाकत नाही. सुपरसॉ काढायची गरज नाही, ड्रॉपमध्ये तो पाहिजेच. फक्त ०:३० ला आणू नका, ड्रॉपवरच येऊ द्या. अठरा सेकंद आधीच सगळा माल टेबलावर मांडला तर ड्रॉपला लोकांना द्यायला उरलं काय?

माझी खरी तक्रार दुसऱ्या ड्रॉपची आहे. पहिला तसाच्या तसा कॉपी-पेस्ट. बँडमध्ये हे केलं तर मालक बोलतो. दुसऱ्यांदा येताना काहीतरी वाढवा, नाहीतर काढा. पावरी एवढी आणलीय तर ती दुसऱ्या ड्रॉपवर चढवा की!

---

चिपट्यून_धुळे

दादा, मी धुळ्याची, चिप म्युझिकच (जुन्या गेमच्या चिपांच्या आवाजातलं) करते. एक सांगू? मी तो पिवळ्या कॅसेटचा डबा हातातही धरलेला नाही. मारिओ मी पहिल्यांदा फोनवर एम्युलेटरमध्ये (जुन्या डब्याची नक्कल करणारं ॲप) खेळले, तेही ६० च्या वेगानं. माझ्यासारख्यांना थांब्यातली उडी आठवत नाही, तरी रीमिक्स आवडू शकतं. सोल्डर काकांचा पहिला प्रश्न सुंदर आहे, पण पहिलाच असावा असं मला वाटत नाही. माझा पहिला प्रश्न असतो, मूळ माहीत नसलेला माणूस शेवटपर्यंत ऐकेल का? तुमच्या भाच्याचं गाणं त्यात १:३२ पर्यंत पास होतं, पुढं पॅडवाले दादा म्हणतात तेच.

बाहेरच्या मंडळींत यावर बराच विचार झालाय. ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स ही गेमच्या रीमिक्सची साइट १९९९ पासून आहे. तिथं परीक्षक गाणं ऐकतात, मत देतात आणि नाकारतातही. मूळ धून ओळखू आली पाहिजे आणि गाण्यात तिचाच वरचष्मा पाहिजे, पण मूळचीच मांडणी चांगल्या आवाजात पुन्हा वाजवली तर तेही पुरत नाही, स्वतःची अरेंजमेंट लागते. भाच्याच्या सुरुवातीची सोळा सेकंदं या दुसऱ्या अटीवर मार खातात. मूळ सूर, मूळ आवाज, मग रीमिक्स सुरू कधी होणार? चार सेकंद पुरेत, ओळख पटते.

परीक्षकांची नाकारलेल्या गाण्यांवरची मतं त्याला वाचायला द्या. मी त्यातूनच शिकले. 'मिक्स गढूळ आहे' एवढंच लिहून कोणी सुटत नाही. कोणता वाद्यगट कशावर बसलाय ते लिहितात. तुमच्या 'गर्दी'चं तेच आहे. मला तरी ऐकताना २०० ते ४०० हर्ट्झमध्ये दाटी वाटली: सुपरसॉचे खालचे सूर, बेसचा वरचा भाग, किकचं शरीर, सगळे तिथंच. सुपरसॉला खालून कट दिला तर तुमची निम्मी तक्रार जाईल, एकही सूर न काढता.

आणि तुलना करताना आवाज सारखा करून ऐका. जोरात वाजणारं नेहमी चांगलं वाटतं, ग्रुपवरच्या 'लय भारी'तलं बरंचसं लिमिटरचं (गाणं दाबून जोरात करणाऱ्या प्लगइनचं) आहे. यूट्यूब तसंही जास्त मोठ्या आवाजाचं गाणं खाली आणतं, साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा लागतो त्याचं माप) आसपास. मग पिळून पिळून मोठं केलेलं गाणं तिथं नुसतंच चपटं ऐकू येतं. एकदा मोनोमध्येही (डावा-उजवा आवाज एकत्र करून) ऐका. तो रुंद सुपरसॉ मोनोत किती उरतो ते बघा, कारण लग्नाचे स्पीकर बहुतेक मोनोच असतात ना, पॅडवाले दादा?

---

पॅडवाला_अमळनेर

हो ताई, मोनोच. आणि त्यातला एक फाटलेला.

---

जळगाव_सोल्डर

धुळ्याच्या ताईंचा मुद्दा निम्मा मान्य. मूळ न ऐकलेल्या माणसालाही गाणं पोचलं पाहिजे, खरंय. पण मग मारिओच कशाला घ्यायचा? स्वतःची धून करावी. नाव मारिओचं, गर्दी खेचायला धून मारिओची, आणि ऐकताना मूळ विसरा म्हणायचं, हे मला जमत नाही. पोरानं भुयार निवडलं, जमिनीवरचं सोपं, गोड म्युझिक घेतलं नाही, तेव्हाच त्याला त्या रिकामेपणात काहीतरी दिसलं होतं. तेच त्याला विचारा.

पॅडवाल्याचा सवाल-जवाब मात्र मला पटला. थांब्यात ढोल म्हणजे खेळणाऱ्याच्या उडीच्या जागी नाचणाऱ्याचा पाय. हे मला सुचलं नव्हतं.

---

भुसावळ_जंक्शन

सगळ्यांचे आभार. काल भाचा घरी आला होता, भरीत-भाकरी झाल्यावर त्याला हा सगळा धागा वाचायला दिला. ५० आणि ६० चं वाचून त्याला एवढा आनंद झाला की पुढचं अर्धं त्यानं घाईतच वाचलं. सोल्डरसाहेबांचा प्रश्न मी विचारला, भुयारच का घेतलंस. म्हणे, मामा, वसतिगृहात रात्री लाइट गेली की आम्ही जिन्यात हेच गुणगुणतो, जिन्यात घुमतं छान.

मी म्हटलं, मग तुझ्या रीमिक्समध्ये ते घुमणं कुठंय? तर गप्प. जेवणानंतर लॅपटॉप उघडून थांब्यात सुपरसॉ म्यूट केला आणि शेवटच्या सुराला लांब रिव्हर्ब (घुमारा) दिला. ढोल टाकायला तयार आहे, "वाजीव रे" काढायला नाही. त्याचाच आवाज आहे म्हणे. पावरीवरून आमची अजून चर्चा चालू आहे: त्याला गाणं तिच्या पट्टीला आणायचंय, पण मग सुरुवातीचा मूळ मारिओचा तुकडा पट्टीबाहेर जातो.

---

चिपट्यून_धुळे

मूळ तुकडा तसाच पट्टीबाहेर राहू द्या आणि चार सेकंदांचा करा. पावरी आली की फरक कळेल, पण तोवर मध्ये दीड मिनिट गेलेलं असेल. आणि नवीन फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, वेव्ह (न दाबलेली फाइल). मागच्या वेळची आवाज दाबलेली होती, त्यावरून वरच्या बारीक आवाजांबद्दल मी काहीच बोलले नाही.

---

पॅडवाला_अमळनेर

भो, तुना भाचाले सांग, ढोलवाला तुकडा वेगळा काढी धाड आनि बीपीएम (मिनिटले किती ठोका) लिखी दे. रविवारे पारोळाले वरात शे, ५० वाला वेग धरसूत.