मुलीसाठी हरणाच्या शिकारीची पहिली रायफल : .२४३ की आणखी काही?

माळरान :
अमेरिकेत व्हाइटटेल हरणासाठी पहिली रायफल घ्यायची आहे. मुलगी १३ वर्षांची, उंची ४ फूट ११ इंच, वजन ४२ किलो. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, .२२ वर हात बसलाय. रान दाट आहे, १५० यार्डांपलीकडचा नेम धरायचाच नाही. विक्रेत्याने .२४३ विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर आणि ७एमएम-०८ अशी तीन काडतुसांची नावं पुढे ठेवली. घरात .३०-०६ पडून आहे, तिचाच दस्ता कापून द्यावा का? की धक्का नको म्हणून सरळ .२२३? आणि दोन वर्षांत ती वाढली की पुन्हा खर्च आहेच का?

ओलं_पान :
काडतुसाचं नंतर बघू, आधी मापाचं. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर मोठ्यांच्या रायफलीत साडेतेरा इंचांच्या आसपास असतं. तुमच्या मुलीला बारा ते साडेबारा लागेल. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक कोपराच्या खळग्यात टेकवा. तर्जनीचं पेर सहज चापावर आलं पाहिजे. हे माप थंडीतलं जाड जॅकेट घालून घ्या, त्यात अर्धा इंच सहज जातो. दस्ता लांब असला की मूल कमरेतून मागे झुकतं, टोक खांद्याच्या खोबणीतून दंडावर सरकतं आणि मग .२४३ सुद्धा लागते.

वाढत्या वयासाठी स्पेसरवाला दस्ता बघा. मॉसबर्गच्या सुपर बॅंटम मॉडेलांत १२ आणि १३ इंच अशी दोन मापं मिळतात. एक तुकडा घातला की झालं. त्यामुळे दोन वर्षांनी नवी घ्यावी लागणार नाही.

.३०-०६ चा दस्ता कापून माप जमेल, धक्का तसाच राहील. साडेसात-आठ पौंडांच्या रायफलीत .२४३ चा धक्का साधारण ९-१० फूट-पौंड (ऊर्जेचं एकक), क्रीडमूर आणि ७एमएम-०८ चा १२ च्या आसपास, .३०-०६ चा २० च्या घरात. मूल म्हणून फारच हलकी रायफलही घेऊ नका: त्याच काडतुसाला ८ ऐवजी ६ पौंडांची रायफल घेतली तर धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते.

आणि हो, डोळा तपासलात का? उजव्या हाताच्या मुलीचा डावा डोळा प्रबळ असेल, तर डावखुरी रायफल घ्यायची की एक डोळा झाकून शिकवायचं, ते खरेदीआधी ठरवा.

खडी_चढण :
ओलं_पान यांना +१. .२२३ बद्दल थोडं. काही राज्यांत हरणासाठी ती चालतच नाही. व्हर्जिनियात किमान .२३ कॅलिबर (गोळीचा इंचांतला व्यास) लागतं, कोलोरॅडोत किमान .२४, शिवाय गोळी ७० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा. ओहायोत तर बाटलीसारख्या मानेचं काडतूसच नको, सरळ भिंतीचं हवं. तिथे तुमची तिन्ही नावं बाद आणि .३५० लेजंडचा विचार करायचा. तेव्हा आधी आपल्या राज्याचं नियमपुस्तक.

.२४३ घेतलीत तर गोळीची निवड सर्वात महत्त्वाची. याच काडतुसात ५५ ते ७५ ग्रेनच्या गोळ्या मिळतात, त्या बहुतेक कोयोटी-घुशींसाठी. पातळ आवरणाची गोळी हरणाच्या खांद्याच्या हाडावर फुटून वरवरची जखम करते, फुप्फुसापर्यंत जात नाही. जनावर जखमी होऊन पळतं आणि दोष मात्र कॅलिबरला. ९५ ते १०० ग्रेनची, हरणासाठी म्हणून बनवलेली गोळीच घ्या. नेम खांद्याच्या मागे, छातीच्या पोकळीत.

तिरपी_नजर :
थोडा वेगळा सूर. १५० यार्डांत ७एमएम-०८ मध्ये १२० ग्रेनची किंवा कमी धक्क्याची गोळी घातली, तर .२४३ पेक्षा फार लागत नाही आणि गोळी तिरकी बसली तरी खोल जाते. मोठी झाल्यावर १४० ग्रेन, रायफल तीच. फक्त काडतूस बदललं की शून्य (स्कोपचा नेम आणि गोळी ठराविक अंतरावर एकाच जागी लागण्याची जुळणी) पुन्हा तपासायचं, गोळी दुसरीकडे जाते.

लिव्हर-ॲक्शन (चापाखालची कडी ओढून भरायच्या) .३०-३० चा मोह होईल. पहिल्या रायफलीला मी नको म्हणेन. बाहेर घोडा असलेल्या जुन्या रचनेत गारठलेल्या अंगठ्याने घोडा सावकाश उतरवणं हीच धोक्याची पायरी. बोल्ट-ॲक्शनमध्ये (हाताने खिटी मागेपुढे करून भरायच्या रायफलीत) बोल्ट उघडा असला की दुरूनही दिसतं.

माळरान :
आभारी. मग ७एमएम-०८ कडे झुकतोय. स्कोप ३-९×४० (३ ते ९ पट मोठं दाखवणारा) पुरेल ना? आणि धक्क्याची भीती बसू नये म्हणून काय करायचं?

ओलं_पान :
पुरेल, रानात ३ वरच ठेवा. डोळ्यापासूनचं अंतर साडेतीन इंचांहून कमी असलेला स्कोप घेऊ नका. आखूड दस्त्यावर स्कोप मागे बसवला जातो आणि भुवई फुटते ती तिथे. ९ वर ठेवून, तिच्याच पवित्र्यात, जॅकेटसह पुढेमागे सरकवा आणि मगच रिंग आवळा. १५-१८ इंच-पौंड पुरे. जास्त आवळलं की नळकांडं दबतं.

पहिल्या गोळ्या २५ यार्डांवर. पाव मिनिटाच्या (मिनिट हे कोनाचं माप, एका क्लिकला पाव) स्कोपला तिथे एका इंचाला १६ क्लिक, १०० वर ४. १०० ला शून्य ठेवा, १५० वर गोळी इंच-दीड इंच खाली. बस्स.

शून्य करायचं काम तुम्हीच करा, बाकावर धक्का सर्वात जास्त लागतो. तिला एका वेळी दहाच काडतुसं, कानात फोमचे बोळे आणि वर मफ्स, दोन्ही. मधूनमधून तिला न सांगता डमी काडतूस भरा: चाप ओढल्यावर नळीचं टोक खाली गेलं तर दचक बसलीये. त्या दिवशी मोठी रायफल बंद, पुन्हा .२२.

खडी_चढण :
कागदपत्रांचं राहिलंच. परवानाधारक विक्रेता १८ खालच्या मुलांना रायफल विकत नाही, खरेदी तुमच्या नावावर. तुम्ही नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर संघीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद, तेव्हा ते आधी काढा. ग्रीन कार्ड असेल तर ही अट नाही. घरी रायफल कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ली तिच्याकडे नाही.