रात्री नाल्यात केमिकल सोडतात, बाटलीत भरून ठेवलेलं पाणी पुरावा म्हणून चालेल का?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. आमचं गाव कोकणात खाडीला लागून, वरच्या अंगाला केमिकलच्या कंपन्या. मोठा पाऊस लागला की रात्री कोणीतरी नाल्यात सोडतं, सकाळी पाणी कोऱ्या चहासारखं आणि वर फेस. मागच्या आठवड्यात बोय, चिवणी असले मासे पोट वर करून काठाला लागले, आई गुडघाभर पाण्यात उतरली होती तिचे पाय दोन दिवस खाजत होते. तक्रार केली तर साहेब तिसऱ्या दिवशी आले, तोवर पाणी निवळलेलं. मी एक बिसलेरीची बाटली भरून फ्रीजमध्ये ठेवलीय, ती कोर्टात चालेल का? गावातली निम्मी पोरं तिथेच कामाला, म्हणून सहीला कोणी पुढे येत नाही.

पाणीतपासनीस:
भाऊ, त्या बाटलीवर विसंबू नका. मी लॅबमध्ये काम केलंय म्हणून सांगतो, पाण्यातला ऑक्सिजन जागेवरच रसायन घालून फिक्स करावा लागतो, बीओडीचा (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचा) नमुना बर्फात ठेवून लगेच लॅबला न्यावा लागतो, आठवडाभर ठेवलेल्या पाण्याचा आकडा त्या रात्रीचा राहतच नाही. आणि कंपनीवर खटला उभा राहतो तो 1974 च्या पाणी कायद्याच्या कलम 21 प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसाने रीतसर घेऊन सील केलेल्या नमुन्यावर. तरी स्वतः घेणं सोडू नका, तुमच्या नमुन्यामुळे निदान चौकशी लावायची मागणी करता येते. पुढच्या वेळी दोन घ्या, कंपनीचं सांडपाणी नाल्याला येऊन मिळतं त्या जागेच्या वरचा एक आणि खालचा एक. वरचा नसेल तर कंपनी म्हणणार की पाणी आधीपासूनच तसं होतं. पाण्याचा आम्लपणा दाखवणारी पीएचची पट्टी खिशात ठेवा, सांडपाणी सोडायची मर्यादा 5.5 ते 9 आहे.

दर्याची_लेक:
आम्ही तारापूरच्या बाजूचे. इथे मच्छीमारांच्या मांगेला समाज परिषदेने 2016 साली कंपन्यांच्या प्रदूषणाविरुद्ध एनजीटीत, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादात, अर्ज केला, एकट्यादुकट्याच्या नावाने नाही, समाजाच्या नावाने. तुमच्याकडे मच्छीमार सोसायटी असेल तर तिच्या लेटरहेडवर द्या, मग कुणाच्या पोराची नोकरी अडकत नाही. आणि तारखा जपा, एनजीटीत नेहमीच्या अर्जाला 6 महिने, भरपाईच्या दाव्याला 5 वर्षं. मासे मेले की त्याच दिवशी तलाठ्याला बोलवून पंचनामा करून घ्या, किती किलो, कुठल्या जातीचे, सगळं लिहायला लावा.

रानवाट:
ग्रामसभेचा ठरावपण घ्या ना, सगळ्यात वजनदार तोच.

दर्याची_लेक:
घ्या, पण त्यावर भिस्त नको. कितीतरी गावांत कंपनीचं टँकरचं नाहीतर भंगाराचं कंत्राट पंचायतीतल्याच कुणाकडे असतं, ठराव होतो आणि प्रोसिडिंगमध्ये चढतच नाही. नक्कल हातात आल्याशिवाय उठू नका.

जुनावाचक:
एक अनुभव तामिळनाडूचा. कडलूरच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीशेजारच्या गावकऱ्यांनी 2004 च्या सुमारास साध्या प्लास्टिकच्या बादलीत पिशवी बसवून हवेचे नमुने घेतले होते. वास कधी आला, कसला आला, कुठून आला हे गावकरी रोज लिहायचे. एक नमुना खोटा म्हणता येतो हो, पण वर्षभराची वही तीन घरांत तीन हातांनी लिहिलेली असली तर ती कोण नाकारणार? सोबत माहिती अधिकारात त्या कंपन्यांना प्रदूषण मंडळाने दिलेलं संमतीपत्र मागवा, फी 10 रुपये, 30 दिवसांत उत्तर, किती सांडपाणी सोडायची परवानगी आहे ते त्यात लिहिलेलं असतं.

खाडीकाठ:
खूप आभार सगळ्यांचे. बाटली ओतून टाकली. वही आज घातली, आई सांगते मी लिहितो. पहिली नोंद, सकाळी सव्वासहा, ओहोटी, पाणी साफ, नाल्याच्या तोंडाशी रॉकेलसारखा वास. शेजारच्या काकू म्हणाल्या त्यांच्याकडेपण एक वही दे.