लेगोचा गोळा टांगला की सुटतो, दोरी कुठे बांधायची?

मोरपंखी_वीट
नमस्कार मंडळी, यंदा सणाची सगळी सजावट घरातल्या लेगोचीच करायची असं मी आणि मुलीने ठरवलंय, विकत काहीच आणायचं नाही. दोन संध्याकाळी खपून एक लाल-पांढरा गोळा केला, खाली लहान थर मग मोठे मग वर परत लहान, टेबलावर ठेवला तर इतका सुंदर दिसतो. पण टांगला की दहा मिनिटांत सगळ्यात वरचा थर दोरीसकट लटकत राहतो आणि बाकीचा गोळा फरशीवर. तीनदा झालं असं. तिसऱ्या वेळी मुलीने काही न बोलता तुकडे वेचले आणि डब्यात टाकले, ते बघून मला फार लागलं. दोरी वरच्या प्लेटला (चपट्या विटेला) घट्ट बांधलेली आहे, विटाही नीट दाबल्यात. सुपरग्लू लावू का? आणि दुसरं म्हणजे तिला चांदण्या हव्यात, पण सगळ्या विटा चौकोनी, टोकं आणायची कुठून?

थरावर_थर
ताई, सुपरग्लू आधी बाजूला ठेवा. विटा नीटच बसल्यात, फक्त दोरी चुकीच्या जागी आहे. लेगोची पकड आडव्या धक्क्याला चांगली टिकते पण सरळ वर ओढलं की बरीच कमी, कारण विटेवरची गोल बटणं फक्त घर्षणावर धरून असतात. तुम्ही दोरी वरच्या प्लेटला बांधली म्हणजे अख्ख्या गोळ्याचं वजन त्या एका जोडावर आलं आणि तेही नेमकं उकलायच्या दिशेनं. वीट उपटताना आपण हेच तर करतो.

दोरी आरपार न्या. गोळा रचतानाच प्रत्येक थरात मधोमध एका बटणाएवढी जागा मोकळी ठेवा, वरपासून खालपर्यंत बारीक विहिरीसारखी. थर सम आकाराचे असतील तर दोन बाय दोनची ठेवा. दोरी त्यातून खाली काढायची आणि तळाशी एक लांब अॅक्सल (चाकांची दांडी) किंवा विहिरीपेक्षा मोठी प्लेट आडवी घालून तिला गाठ मारायची. आता तेच वजन थरांना एकमेकांवर दाबतं, सुटायचं कारणच उरत नाही. माझ्याकडे असा एक गोळा आहे, मुठीपेक्षा मोठा, दोन महिने पंख्याच्या वाऱ्यात हलतोय आणि एक वीट सैल झालेली नाही.

अजून गोल हवा असेल तर बटणं सहाही बाजूंना बाहेर तोंड करतील असा गाभा करायचा. यातला हिशोब मला फार आवडतो म्हणून सांगतो. दोन बटणांमधलं अंतर ८ मिमी, प्लेटची उंची ३.२ मिमी, म्हणजे पाच प्लेट एकावर एक ठेवल्या की १६ मिमी, बरोब्बर दोन बटणांची रुंदी. चार बटणं रुंद गाभा केला तर उंची दहा प्लेट, म्हणजे तीन विटा आणि एक प्लेट, आणि ३२ मिमीचा अचूक घन तयार. बाजूला बटण असलेल्या विटा लागतील. गाभ्याच्या खाली बटणं नसतात, तिथे अशीच एक वीट आडवी पाडून बसवा, तिचं बाजूचं बटण खाली बघायला लागतं. मग सहाही बाजूंना तेच नक्षीचं झाकण, मोठी प्लेट आणि तिच्यावर लहान.

सहाकोनी
चांदणीचं मी सांगते. आठ टोकांची सगळ्यात सोपी. ४×४ च्या दोन प्लेट घ्या, खालच्या प्लेटच्या मधोमध २×२ ची जंपर प्लेट लावा, जिच्यावर मधे एकच बटण असतं ती. वरच्या प्लेटला खालून बघा, नेमकी मधोमध एक नळी आहे, ते बटण त्या नळीत बसतं आणि प्लेट गोल फिरते. ४५ अंशांत फिरवली की झाली चांदणी. दोरी मात्र खालच्या प्लेटच्या टोकाला क्लिप लावून तिला बांधा, वरचीला नको.

पण हिमकण करणार असाल तर कृपया सहाच हात करा, आठ हातांचा हिमकण बघितला की मला खरंच चैन पडत नाही, बर्फाचा स्फटिक षटकोनी असतो. विटांनी ६० अंश जमत नाहीत म्हणून लेगोच्याच टेक्निक प्रकारातल्या भोकांच्या तीन पट्ट्या घ्या, भोकं विषम हवीत, नऊ असली तर उत्तम. तिन्हींच्या मधल्या भोकातून तीन पट्ट्यांना पुरेल असा एकच लांब पिन घाला आणि पंख्यासारख्या उलगडा. घासून बसणारा पिन असेल तर कोन जागचा हलत नाही.

डबा_नंबर_चार
ग्लूबद्दल माझंही नाहीच. पारदर्शक विटांवर सुपरग्लूचा पांढरट धूर बसतो, तो निघत नाही, आणि मुख्य म्हणजे चिकटवलेली वीट मुलांच्या डब्यातून कायमची गेली. सण संपला की त्याच गोळ्याची गाडी व्हायला पाहिजे ना.

आत दिवे घालणार असाल तर एलईडीच, तापणारा बल्ब अजिबात नको, लेगो धुताना सुद्धा ४० अंशांच्या वर पाणी नको म्हणतात. आणि बटण सेलचा दिवा असेल तर सेलचा कप्पा स्क्रूने बंद होणाराच घ्या, लहान मुलाने तो सेल गिळला तर अन्ननलिका भाजते, यात हयगय नको. पांढऱ्या विटा उन्हाच्या खिडकीत टांगू नका, महिनोन्‌महिने राहिल्या तर पिवळ्या पडतात, माझा एक सुंदर पांढरा तारा तसाच गेला.

मोरपंखी_वीट
थरावर_थर दादा, झालं!! आमचा गोळा सम थरांचा होता म्हणून दोन बाय दोनची विहीर ठेवली, वरची तेवढी प्लेट बदलावी लागली. खाली प्लेट घालून गाठ मारली, मुलीने स्वतः मारली, दोनदा. कालपासून टांगलाय. ती शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी बोटाने त्याला हलकंसं फिरवते आणि थांबेपर्यंत बघत उभी राहते. चांदण्या चार झाल्या. सहाकोनी ताई, हिमकणासाठी नऊ भोकांच्या दोनच पट्ट्या निघाल्या, तिसरी सात भोकांची आहे, चालेल का? की तिन्ही सातच्याच शोधू?

सहाकोनी
तिन्ही सातच्या शोधा, लहान झाला तरी सहाही हात सारखे हवेत.