सीजीएचएस कार्डात आई की सासूबाई?

पावसाळी: मी केंद्र सरकारात, पुण्यात. सीजीएचएस म्हणजे आमची सरकारी आरोग्य योजना, तिच्या कार्डावर आईवडील नाहीतर सासूसासरे, एकच बाजू घालता येते. वडील आणि सासरे दोघंही नाहीत. सासूबाई 66, माझ्याकडेच राहतात, किमान फॅमिली पेन्शन 9,000 अधिक महागाई भत्ता, शिवाय एफडीचं व्याज महिना दोनेक हजार. आईला उत्पन्न नाही पण ती साताऱ्याला भावाकडे. जी राहील तिची मेडिक्लेम पॉलिसी काढेन, बजेट वर्षाला 20 हजार. कोणाला घालू?

खोचक_काका: सासूबाईंना. घरात शांतता राहते. पॉलिसी आम्ही 42 हजारांची घेतलीय, सिंगल रूम मिळते, स्वस्तातल्या भानगडीत पडूच नका.

हिशेबतपासनीस: कार्डावर घ्यायच्या आईची किंवा सासूची उत्पन्नाची मर्यादा महिना 9,000 अधिक त्यावरचा महागाई भत्ता, सगळीकडचं उत्पन्न धरून. जुलै 2025 च्या 58 टक्क्यांनी 14,220. सासूबाईंचं नुसतं पेन्शनच तिथवर जातं, व्याज धरलं की बाहेर.

गप्पिष्ट: व्याज कोण बघतंय, आमच्या ऑफिसात एकाने लिहिलंच नाही.

हिशेबतपासनीस: अजून सापडला नाही म्हणा. पॅनवर सगळं दिसतं. खोटं डिक्लेरेशन निघालं तर वसुली आणि वर खात्याची चौकशी.

कोयनाकाठ: आयुष्मान वय वंदना कार्ड काढा की, 5 लाखांपर्यंत उपचार फुकट.

पावसाळी: ते 70 च्या पुढे. सासूबाई 66, वर लिहिलंय हो.

कोयनाकाठ: मग थांबा 4 वर्षं.

माहेरवाशीण: आईलाच घाल गं. पण ती तुझ्यासोबत राहते हे दाखवावं लागेल, माझ्या आईच्या आधारवर गावचा पत्ता बघून क्लार्कने फाईल तशीच परत केली होती. भावाच्या रेशनकार्डात नाव असेल तर महात्मा फुले योजना बघ, ठरावीक ऑपरेशनं 5 लाखांपर्यंत होतात, रोजच्या गोळ्या मात्र नाहीत.

खोचक_काका: माझा मुलगा 25 चा झाला आणि कार्डातून गळला. मुलीला म्हणे लग्न किंवा नोकरी होईपर्यंत वयाची अटच नाही. हा कुठला न्याय?

माहेरवाशीण: 25 चा घोडा झाला, कमवू दे की काका.

नवाआलोय: 9,000 ची मर्यादा असते बरं का, बघून घ्या.

पावसाळी: दोघींनाही घालत नाहीये. सासूबाई एफडी मोडणार नाहीत आणि ती लपवून मी सही करणार नाही. आई म्हैस सोडून पुण्याला यायला तयार नाही. सासूबाईंची पॉलिसी काढते, 20 हजारांत बसेल ती, आणि भावाला रेशनकार्ड शोधायला लावलंय.

गप्पिष्ट: को-पे, म्हणजे बिलातला आपला वाटा, किती ते वाचा आधी. आमचे बिलाच्या 20 टक्के खिशातून गेले, एजंटचा फोन अजून बंद.